दुकानाची खबर बाहेर जाऊ नये म्हणून
ब्राउझरच्या पहारेकऱ्याचा आमच्या भागातील तजुर्बा

व्यापारात भांडवलाला जितके महत्त्व, तितकेच खबरीला आहे. माल कोणत्या पेठेतून उचलला, काय भावाने पडला, कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी राहिली, येत्या लग्नसराईसाठी काय भरायचे ठरले, या गोष्टी जुने व्यापारी कोणापुढे बोलत नसत. खातेवही रात्री कुलपात जात असे. मुनीम कितीही जुना असला तरी खरेदीचा कागद मालकाच्याच हातात राहत असे.

आज तोच व्यापारी सुरतच्या साडीचा, इचलकरंजीच्या कापडाचा, भिवंडी-मालेगावच्या मालाचा भाव मोबाईलवर शोधतो. बिल्टी, कर, बँक, गिऱ्हाइकाची ऑर्डर, सारे एका काचेच्या पडद्यावर आले आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, मूल, ब्रह्मपुरी येथे हे आता जुने झाले. पलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शी, अहेरी, सिरोंचा येथील दुकानदार आणि कारागीरही याच वाटेने चालले आहेत. पण खातेवहीला लावलेले कुलूप या पडद्याला कोणी लावले काय, हा प्रश्न फार थोड्यांनी स्वतःला विचारला आहे.

या प्रश्नाचे एक साधे उत्तर ब्राउझरला जोडता येणाऱ्या छोट्या कार्यक्रमात आहे. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. आम्ही स्वतः दुकानाच्या संगणकावर ते वापरीत आहोत आणि आमच्या ओळखीच्या टेलर, चप्पल विक्रेते, फॅब्रिकेशनवाले व किराणा व्यापारी यांनीही ते लावून पाहिले आहे. त्यातून काय साधले, काय साधले नाही आणि कोठे अडचण आली, ते व्यापारी बांधवांपुढे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

पाळत कशी ठेवली जाते?

समजा, जटपुरा गेटपासून गांधी चौकापर्यंत एक गिऱ्हाईक दहा दुकानांत गेले. प्रत्येक दुकानाच्या दाराशी एकाच शेठजीचा माणूस वही घेऊन बसला आहे. गिऱ्हाइकाने काय पाहिले, काय विचारले, कोठे जास्त वेळ थांबले, हे तो लिहून घेतो. संध्याकाळी दहाही वह्या एकत्र होतात. गिऱ्हाइकाला वाटते, आपण दहा वेगवेगळ्या दुकानांत गेलो; प्रत्यक्षात त्याचा सारा दिवस एकाच ठिकाणी नोंदला गेलेला असतो.

इंटरनेटवर नेमके हेच घडते. आपण वर्तमानपत्राचे एक पान उघडले तर ते पान एकाच ठिकाणाहून येत नाही. बातमी वर्तमानपत्राच्या संगणकावरून येते, जाहिरात दुसऱ्या कंपनीकडून येते, वाचकांची मोजदाद करणारी यंत्रणा तिसऱ्याची असते आणि आणखी कितीतरी जण मागच्या दाराने आत येतात. त्यांपैकी बरेच जण आपल्या ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची एक खूणचिठ्ठी ठेवून जातात. ही कुकी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी शोधून काढली. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाने टोपलीत काय ठेवले ते लक्षात राहावे, एवढाच तिचा साधा उपयोग होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी तीच चिठ्ठी एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळावर माणसाचा माग काढण्यासाठी वापरली.

म्हणूनच एकदा साड्यांचा ठोक भाव शोधला की पुढे पंधरा दिवस बातम्या वाचताना, हवामान पाहताना, मुलाचा निकाल पाहतानाही साड्यांच्या जाहिराती समोर येतात. याला अनेक जण गंमत समजतात. गमतीचा भाग पुढे संपतो.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत एक संगणक किंवा एक मोबाईल अनेक जण वापरतात. दुकानाच्या संगणकावर मालक भाव पाहतो, नोकर बिल काढतो, घरची मुले फॉर्म भरतात. या भागात सिकलसेलचा आजार अनेक कुटुंबांत आहे. एखाद्या बापाने मुलीच्या आजाराची माहिती अशा संगणकावर शोधली आणि दुसऱ्या दिवशी चार माणसांसमोर त्याच पडद्यावर तपासणीच्या व औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या, तर त्या घरची गोष्ट घरात राहिली काय? लग्नाच्या बोलणीत असल्या गोष्टीचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत औषधांच्या सवलतीची सेवा देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीने ग्राहकांच्या आजारांची व औषधांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिली, म्हणून तेथील व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावर १५ लाख डॉलरच्या दंडाची कारवाई केली.

पहारेकरी काय करतो?

गोपनीयता जपणाऱ्या एक्स्टेन्शनचे काम समजायला सोपे आहे. आपण पान उघडले की ब्राउझर त्या पानाचे सर्व तुकडे मागवू लागतो. पहारेकऱ्याजवळ माग काढणाऱ्यांची यादी असते. यादीतील नाव आले की ती मागणी तो बाहेर जाऊच देत नाही. जाहिरात आणून मग लपविली, असे होत नाही. ती मुळात मागविलीच जात नाही. या यादीत रोज भर पडते आणि ती आपोआप ताजी होते.

अशा कार्यक्रमांपैकी दोन नावे आम्ही वाचकांसमोर ठेवतो. पहिले ‘यूब्लॉक ओरिजिन’. कॅनडातील रेमंड हिल यांनी हे काम २०१४ साली सुरू केले. हा कार्यक्रम मोफत आहे, त्याची आतील रचना कोणालाही तपासता येते आणि त्याचा कर्ता देणगीही घेत नाही. दुसरे ‘प्रायव्हसी बॅजर’. सान फ्रान्सिस्को येथील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या १९९० साली स्थापन झालेल्या संस्थेने तो २०१४ मध्ये आणला. पहिला जाहिराती आणि पाळत दोन्ही रोखतो. दुसऱ्याचा भर पाळतीवर आहे. जी जाहिरात माणसाचा माग काढीत नाही, तिच्याशी त्याचे भांडण नाही.

अनेक बांधव विचारतात की ब्राउझरमध्ये ‘इन्कॉग्निटो’ म्हणजे खासगी खिडकी असते, ती पुरेशी नाही काय? नाही. ती खिडकी आपल्या यंत्रावरील इतिहास पुसते. बाहेरचा पाहणारा पाहतच राहतो. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली गूगलविरुद्ध दावा झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये पुढे आलेल्या तडजोडीत गूगलने जमा झालेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

वापरणाऱ्यांना काय दिसले?

पहिला फायदा सर्वांनी एकच सांगितला, तो म्हणजे वेग. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. शहराबाहेर पडले की मोबाईलचे जाळे विरळ होत जाते. एटापल्ली, भामरागडच्या बाजूला पान उघडायला लावावे आणि चहा पिऊन यावे, अशी स्थिती अनेकांनी अनुभवली आहे. अशा ठिकाणी बातमीच्या चार ओळींसोबत जाहिरातींची चित्रे आणि चालते व्हिडिओ येऊ लागले, तर बातमी मागे राहते आणि डेटा आधी संपतो. डेटाचे पैसे वाचणाऱ्याच्या खिशातून जातात. पहारेकरी बसविल्यावर कमकुवत जाळ्यातही पान उघडते, असे सिरोंचाकडे माल नेणाऱ्या आमच्या एका व्यापारी मित्राचे म्हणणे आहे. आमच्या दुकानातही हेच दिसले. एक्स्टेन्शनच्या चिन्हावर अडविलेल्या मागण्यांचा आकडा दिसतो. कधी तो दहा-बारा असतो, तर कधी एकाच पानावर पन्नाशी ओलांडतो. हा आकडा पाहिल्यावरच आमच्या मुलाला पटले की मागच्या दाराने किती जण येत होते.

दुसरा फायदा फसवणुकीपासून बचावाचा आहे. आमच्या पाहण्यातील एका दुकानदाराचे पार्सल अडकले. त्याने वाहतूक सेवेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधला. सर्वांत वर जो क्रमांक आला ती भामट्याने पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. पलीकडच्या माणसाने गोड बोलून मोबाईलमध्ये एक कार्यक्रम उतरवून घेतला आणि खात्यातील रक्कम गेली. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना दिलेल्या सूचनेत नेमका हा धोका सांगितला होता आणि शोध घेताना जाहिरात रोखणारे एक्स्टेन्शन वापरावे, असा सल्ला दिला होता. ते लावल्यावर शोधाच्या यादीतील पैसे देऊन वर आणलेल्या नोंदी सहसा दिसत नाहीत. तसेच फॉर्म किंवा पावती उतरवून घेताना जी खोटी ‘डाउनलोड’ची बटणे चमकत असतात, तीही बरीच कमी होतात. संगणकावर नव्याने बसणाऱ्या कारागिराला खरे बटण कोणते आणि खोटे कोणते हे कळत नाही. त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

तिसरा अनुभव आरमोरी भागातील. तेथे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे कोष घेतले जातात आणि कोशाच्या कापडाला दूरवर मागणी आहे. या धंद्यातील एक तरुण सूत व कापडाचे भाव रोज पाहतो. त्याचे म्हणणे असे की आता भाव पाहिल्यानंतर दलालांच्या जाहिराती पाठ धरीत नाहीत आणि डोके शांत ठेवून तुलना करता येते. पण त्याने एका खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर स्वतःचा मोबाईल क्रमांक भरला होता. तेव्हापासून येणारे फोन मात्र आजही बंद झालेले नाहीत. आपल्या हाताने दिलेली माहिती कोणताही पहारेकरी परत आणू शकत नाही, हा धडा येथे घ्यावा.

अडचणी कोणत्या?

एकच बाजू सांगणे हा व्यापारी धर्म नव्हे. पहिली अडचण अशी की पहारेकरी कधीकधी घरच्या माणसालाही अडवतो. कर भरण्याच्या एका पोर्टलवर आमच्याकडे चित्रातील अक्षरेच दिसेनात. एकदा बँकेतून पैसे भरण्याचे पान नुसते फिरत राहिले. शेवटची तारीख असेल तर अशा वेळी जीव टांगणीला लागतो. उपाय सोपा आहे. यूब्लॉक ओरिजिनच्या चिन्हावर बोट ठेवले की चालू-बंद करण्याचे एक मोठे बटण दिसते. ते दाबून पान पुन्हा उघडले की त्या एकाच संकेतस्थळापुरता पहारा उठतो, बाकी ठिकाणी कायम राहतो. ज्यांचे शिक्षण आमच्यासारखे उर्दू माध्यमात झाले आणि ज्यांना इंग्रजी सूचना वाचण्याचा कंटाळा येतो, त्यांनाही हे बटण ओळखता येते. बँक आणि सरकारी पोर्टल यांच्यासाठी ते एकदाच बंद करून ठेवावे, असा आमचा सल्ला आहे.

दुसरी अडचण मोबाईलची आहे. आमच्या भागात संगणकापेक्षा मोबाईलच जास्त. अँड्रॉइड मोबाईलवरील क्रोममध्ये एक्स्टेन्शन लावता येत नाही. त्यासाठी फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर घ्यावा लागतो. डिसेंबर २०२३ पासून त्याने मोबाईलवर एक्स्टेन्शनचे दार मोठे उघडले आहे. जुन्या, कमी क्षमतेच्या मोबाईलवर मात्र तो थोडा जड वाटतो, अशी तक्रार आमच्या दोन-तीन स्नेह्यांनी केली.

तिसरी अडचण क्रोमच्या नव्या नियमांची. गूगलने एक्स्टेन्शनची आतील पद्धत बदलली आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने संगणकावरील क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन बंद पडत गेले; २०२५ मध्ये ते पूर्ण बंद झाले. ‘आमचे आपोआप निघून गेले’ असे जे बांधव सांगतात, त्याचे कारण हे आहे. क्रोमसाठी त्याच कर्त्याचे ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ मिळते. ते काम करते, पण त्याचे हात पूर्वीइतके मोकळे नाहीत. पूर्ण कार्यक्रम हवा असेल तर फायरफॉक्स वापरावा. ज्या कंपनीचे उत्पन्न जाहिरातीवर आहे तिच्याच ब्राउझरमध्ये जाहिरात रोखणाऱ्याचे हात बांधले गेले, यावर अनेकांनी बोट ठेवले आहे. कंपनी सुरक्षिततेचे कारण देते. वाचकांनी दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात.

चौथा प्रश्न इन्साफाचा आहे. छोटी वर्तमानपत्रे, उर्दू व मराठी साप्ताहिके यांच्या संकेतस्थळांना जाहिरातीचाच आधार असतो. आपण त्यांचा मजकूर वाचायचा आणि त्यांची कमाई अडवायची, हे बरोबर आहे काय? आम्हाला वाटते, ज्या पत्रावर आपला भरवसा आहे त्याच्यासाठी पहारा उठवावा किंवा त्याची वर्गणी भरावी. दुकानात येऊन फुकट चहा पिणारा आणि कधीच काही न घेणारा माणूस आपल्याला आवडत नाही; मग आपणही तसे वागू नये.

कुंपणच शेत खाते तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाची खबरदारी. एक्स्टेन्शनला आपण उघडलेले प्रत्येक पान दिसते. म्हणून चोराच्या हाती चावी गेली तर नुकसान दुप्पट. ‘वेब ऑफ ट्रस्ट’ नावाचे एक्स्टेन्शन संकेतस्थळे विश्वासार्ह आहेत की नाहीत हे सांगत असे. तेच वापरणाऱ्यांची माहिती विकत असल्याचे नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीतील एनडीआर या प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी उघड केले. त्यानंतरचे प्रकरण अँटीव्हायरस बनविणाऱ्या अव्हास्ट कंपनीचे. तिने आपल्या एक्स्टेन्शन व अँटीव्हायरसमधून जमा केलेला लोकांच्या ब्राउझिंगचा तपशील जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकला. जानेवारी २०२० मध्ये हे बाहेर आले, जंपशॉट बंद करावी लागली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला. पाळत थांबवितो म्हणून सांगणाऱ्यानेच पाळत ठेवली.

नावाच्या नकलाही असतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘ॲडब्लॉक प्लस’ या प्रसिद्ध नावाची नक्कल क्रोमच्या अधिकृत दुकानात शिरली होती आणि ती पकडली जाईपर्यंत ३७ हजारांहून अधिक लोकांनी ती लावून घेतली होती. कापडाच्या बाजारात नामांकित मिलचा शिक्का मारून हलका माल खपविणारे असतात, तसेच हे.

काय होणार नाही?

पहारेकरी ब्राउझरपुरता आहे. मोबाईलमधील इतर ॲप काय गोळा करतात, त्यावर त्याचे नियंत्रण नाही. ओटीपी कोणाला सांगितला, अनोळखी क्यूआर कोडवर पैसे पाठविले, कोणी पाठविलेली फाइल उघडली, तर तो वाचवू शकत नाही. बँकेचे किंवा दुकानाचे संकेतस्थळ स्वतः जी नोंद ठेवते, तीही राहते. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

गिऱ्हाइकाची माहिती ही अमानत

आपली खबर आपण जपावी असे वाटत असेल, तर गिऱ्हाइकाची खबर जपणेही आपल्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. माहितीची सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. लहान दुकानदारावर एवढा दंड येईल असे नाही. पण कायद्याची दिशा यातून कळते.

टेलरकडे बायाबापड्यांची मापे आणि मोबाईल क्रमांक असतात. कापड दुकानात उधारीची यादी असते. ती यादी व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे, गिऱ्हाइकांचे क्रमांक दुसऱ्या व्यापाऱ्याला जाहिरातीसाठी देणे, हे प्रकार आपल्याच बाजारात सर्रास चालतात. जी तक्रार आपण परदेशी कंपन्यांविरुद्ध करतो, तीच गिऱ्हाईक उद्या आपल्याविरुद्ध करील. ही माहिती आपल्याजवळ अमानत आहे, हे विसरू नये.

सुरुवात कशी करावी?

१. दुकानाच्या संगणकावर फायरफॉक्स घ्यावा आणि त्याच्याच अधिकृत दुकानातून यूब्लॉक ओरिजिन लावावे. बनविणाऱ्याचे नाव नीट वाचावे. कोणी पाठविलेल्या दुव्यावरून लावू नये.

२. एक पहारेकरी पुरे. चार-पाच एकदम लावले की संगणक जड होतो आणि पान का बिघडले ते कळत नाही.

३. पूर्वी लावलेली, आज उपयोगात नसलेली सर्व एक्स्टेन्शन काढून टाकावीत.

४. बँक व कराच्या पोर्टलसाठी पहारा बंद ठेवावा आणि शेवटच्या तारखेच्या आधी एकदा उघडून पाहावे.

५. मदत क्रमांक शोधताना तो बिलावर, पासबुकावर किंवा कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरच पाहावा.

६. दुकानाचा संगणक आणि घरचा मोबाईल वेगळे ठेवता आले तर उत्तम. न जमल्यास आजारपण, लग्न व बँक यांची कामे दुकानाच्या संगणकावर करू नयेत.

या कामाला पैसा लागत नाही आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळही लागत नाही. घरातील शिकलेल्या मुलामुलींना हाताशी घ्यावे, त्यांच्याकडून लावून घ्यावे आणि बंद-चालू कसे करायचे तेवढे स्वतः शिकून घ्यावे. येत्या लग्नसराईची खरेदी सुरू होण्यापूर्वी हे काम उरकले, तर भाव पाहताना आपण काय शोधतो आहोत ते निदान निम्म्या बाजाराला तरी कळणार नाही.